बाकी अवांतर

जून १९५८, रविवार सकाळ, मॅट्रिकचा वर्ग. स्थळ: मराठी मंडळाची मागची खोली, बसवनगुडी, बंगळूर. हजर: कारखान्यातले फिटर श्री. नाईक, माझी भाची उषा, देखरेखीसाठी सौ. विमलाताई साठे आणि मी. गैरहजर: गणिताचे शिक्षक, निरोप नाही. मराठीचे शिक्षक श्री. शामराव हुक्केरीकर वेळेआधी हजर.

ही नोंद माझी. खोली उघडणं, सतरंज्या घालणं, हजेरी घेणं आणि कुलूप लावणं ही कामं तेव्हा माझ्याकडे होती, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याने नोंद ठेवावी असं माझं मत आहे. हुक्केरीकरांना मी त्या दिवशी प्रथमच पाहत होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. मी लगेच कामाचं बोलले. म्हटलं, गणिताचे सर आलेले नाहीत, त्यांचाही तास तुम्हीच घ्या, आणि अकराला खोली सोडावी लागेल कारण भजनाच्या बायका येतात.

त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की दोघांचं काम मी एकट्यानं करायचं, आणि तेसुद्धा घाईनं. बरोबर पकडलं का?"

मी म्हटलं, "होय."

"सरी. आता उत्तर देतो. होय."

सरी म्हणजे कन्नडमध्ये 'बरं'. मला वाटलं, हे टोमणा मारताहेत. तसं नव्हतं. समोरचा काय बोलला ते आधी आपल्या शब्दांत म्हणून दाखवायचं, त्याने 'होय, हेच' म्हटलं की मगच उत्तर द्यायचं, हा त्यांचा नेम होता. त्याला अपवाद नव्हता. दूधवाला म्हणाला, उद्या उशीर होईल, की हे म्हणायचे, "म्हणजे उद्याचा चहा आम्ही दुपारी प्यायचा, असं?" बसच्या कंडक्टरला ते हेच कन्नडमध्ये ऐकवायचे आणि मागची माणसं ओरडायची. आमच्या दुकानात ते एकदा कोटाचं कापड घ्यायला आले. यजमानांनी कापडाचे गुण सांगितले, ते त्यांनी निम्म्या वेळात परत सांगितले, आणि त्यात कापड आटतं हेही आलं, जे यजमानांनी बऱ्याच गोड शब्दांत गुंडाळलं होतं. ते गेल्यावर यजमान म्हणाले, "हा माणूस आपलंच बोलणं आपल्याला विकून जातो."

सगळे त्यांना शामण्णा म्हणत. ते पेशाने शिक्षक नव्हते. एका सरकारी कारखान्याच्या कचेरीत ते कारकून होते आणि मोठ्या साहेबांसाठी लांबलचक अहवालांचे गोषवारे करायचं काम त्यांच्याकडे होतं. साहेब बदलत गेले, शामण्णा त्याच टेबलावर राहिले. साहेबलोक म्हणे मूळ कागद उघडतच नसत. शामण्णांना याचा अभिमान नव्हता, धास्ती होती. "मी गाळलं ते त्यांच्या लेखी घडलंच नाही बघा," असं ते म्हणायचे.

आता मी त्या वर्गात का होते ते सांगते. आमचं घर चिकपेठेतलं, कापडाच्या दुकानामागचं. किती पिढ्यांपूर्वी आम्ही इकडे आलो ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. घरात जे बोलतो त्याला आम्ही मराठी म्हणतो. पुण्याहून आलेल्या लोकांना त्यात निम्मं कन्नड ऐकू येतं. मंडळाच्या पुढच्या खोलीत मी बालवाडी सुरू केली होती. मुलं येत होती, टिकत होती. मला स्वतःचं मूल नाही, आणि सकाळचे ते तास मी कशासाठीही सोडले नसते. त्या वर्षी कार्यकारिणीने ठराव केला की बालवाडी चालवणारी बाई निदान मॅट्रिक असावी. माझं शिक्षण लग्नाआधी आठवीत थांबलेलं. मला मुदत मिळाली. मुदतीत पास झाले नाही तर बालवाडी विमलाताई साठ्यांकडे जाणार होती. विमलाताई बी. ए. होत्या, त्यांचे यजमान इंजिनियर होते. बाई वाईट नव्हत्या. स्पष्ट बोलायच्या आणि वेळेवर यायच्या, त्यामुळे एरवी माझं त्यांच्याशी जमलंही असतं.

बाहेरून परीक्षेला बसायचं, केंद्र कोल्हापूर. गणित मला येत होतं, दुकानात बसलेल्या बाईला ते येतंच. इतिहासाच्या मी याद्या केल्या आणि पाठ केल्या. अडलं ते मराठीत, आणि मराठीत एकाच प्रश्नाशी: खालील उताऱ्याचा एक-तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा व त्यास योग्य शीर्षक द्या.

शामण्णांची शिकवायची पद्धत अशी. उतारा दोनदा वाचायचा. पुस्तक मिटायचं. मग ते खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "मी वाचलेलं नाही. मला सांगा." आपण सांगू लागलो आणि उताऱ्यातला एखादा भारी शब्द तोंडात आला की पाठमोरेच हात वर करायचे. "तो शब्द त्याचा आहे. त्याला परत द्या. तुमच्या घरचा आणा." नाईक फिटर एकदा वैतागून म्हणाले, "मास्तर, आमच्या घरी एवढे शब्द नाहीत." शामण्णा म्हणाले, "आहेत की. पगाराच्या दिवशी बायकोशी काय बोलता ते आठवा. एकही शब्द पुस्तकातला नसतो आणि तिला सगळं कळतं." शीर्षक ते शेवटी द्यायला लावायचे. उषा आधीच शीर्षक लिहून ठेवायची, तर तिला म्हणायचे, "बाळ बघितलं नाहीस आणि बारसं करतेस?"

माझा पहिला सारांश त्यांनी हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"अक्का, ही यादी आहे."

"सगळं आलंय त्यात," मी म्हटलं.

"तेच सांगतोय. सगळं आलंय. यादीत मीठ आणि मंगळसूत्र एकाखाली एक येतं, आणि यादीला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटायला पाहिजे."

मी पुन्हा लिहिलं. या वेळी वस्तू जोडून वाक्यं केली, आणि मजकूर मूळ उताऱ्यापेक्षा मोठा झाला. शामण्णांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "तुमच्याकडे सारू करतात ना रोज?" सारू म्हणजे कन्नड घरातलं आमटीसारखं पातळ सार, आमच्याकडेही रोज होतं. मी होय म्हटलं. "जेवायला माणूस वाढला की काय करता?" म्हटलं, पाणी घालते. "तेच केलंत इथे. सारांश म्हणजे सारू नव्हे. इथे माणसं कमी करायची आहेत."

विमलाताई हसल्या. त्या मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसत आणि मधून मधून आमचे उच्चार सुधारत.

त्याच सुमाराला तो उतारा आला. एका नदीकाठच्या गावाचा. पलीकडच्या तीरावर देवीची यात्रा भरते, लोक होडीतून जातात, देवळाचं वर्णन, दुकानांचं वर्णन, परत येताना नदीला पाणी चढलेलं, होडी उलटते, माणसं जातात. पुढच्या वर्षी गावकरी एक होऊन पूल बांधतात. शामण्णांनी सांगितलं, "यात अवांतर पुष्कळ आहे. आधी अवांतर काढून टाका. उरेल तो सारांश." एवढं स्पष्ट काम मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी पटकन लिहून दिलं आणि या खेपेला सगळ्यात आधी दिलं.

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "एका गावचे लोक होडीतून यात्रेला गेले. तिथे देऊळ होते व दुकाने होती. लोक परत आले. पुढच्या वर्षी त्यांनी पूल बांधला." मग कागदावरून वर बघितलं. "पूल का बांधला, अक्का?"

मी म्हटलं, "ते तुम्हीच काढायला सांगितलंत."

"मी काय सांगितलं?"

"अवांतर काढून टाका म्हणालात. होडी उलटली, माणसं गेली, एवढं मोठं अवांतर. काढलं."

मागे विमलाताईंच्या सुया थांबल्या. नंतर त्या इतक्या हसल्या की लोकरीचा गुंडा सतरंजीवर घरंगळला. "अहो बाई, अवांतर म्हणजे विषयाला सोडून असलेलं. फालतू. देवळाचं वर्णन, दुकानांचं वर्णन, ते अवांतर."

आमच्या घरात अवांतर म्हणजे अनर्थ. घोटाळा, आपत्ती, नको ते घडणं. पावसाने भिंत पडली की आजी म्हणायची, "केवढं अवांतर झालं ग." कन्नडमध्ये त्याचा अर्थ तोच आहे आणि आम्ही तो तिथूनच उचलला असणार, पण हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी उषाकडे पाहिलं. तीही माझ्याचकडे पाहत होती, कारण तिनेही होडी काढली होती.

शामण्णा हसले नाहीत. सीमेवरच्या हुक्केरीचा माणूस, त्यांना दोन्ही भाषा घरच्या. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की जे वाईट झालं तेवढं वगळायचं आणि बाकीचं सांगायचं. बरोबर पकडलं का?"

"होय," मी म्हटलं.

"असं करता येतं," ते म्हणाले. "पुष्कळ लोक करतात. पण मग पूल का बांधला ते सांगता येत नाही." कागद त्यांनी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. एरवी ते कागद परत देत.

त्या खोलीतली आणखी एक रीत इथेच सांगते. निघताना प्रत्येकाने 'येतो' म्हणायचं. कोण म्हणत नाही ते. पण शामण्णा ते ऐकायला दारात उभे राहत. एकदा नाईकांना दुसऱ्या पाळीला जायचं होतं, ते चपला घालता घालता म्हणाले, "चाललो मी, मास्तर." शामण्णांनी दार अडवलं.

"काय म्हणालात?"

"चाललो म्हटलं. भोंगा होईल."

"नीट म्हणा की."

"येतो."

"हां. हे वेगळं वाक्य आहे."

विमलाताई म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याच शिकवण्याप्रमाणे दोन्हीचा सारांश एकच. माणूस दाराबाहेर पडला."

"सारांश एकच," शामण्णा म्हणाले. "घरच्यांना विचारा एकच आहे का ते. कन्नडमध्ये तर पुरतं 'जाऊन येतो' म्हणतात, अर्ध्यात सोडत नाहीत." आम्हाला ही त्यांची एक लहर वाटली.

मार्चमध्ये मी कोल्हापूरला परीक्षा दिली आणि मराठीत नापास झाले. बाकी सगळे विषय सुटले. उषा सुटली, नाईक सुटले. सारांशात मी घाबरून पुन्हा यादी केली होती. परीक्षेच्या खोलीत माणूस आपल्या मूळ स्वभावावर जातो.

निकालानंतर कार्यकारिणीची बैठक झाली. शामण्णा सभासद होते पण बैठकांना सहसा येत नसत. त्या दिवशी आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. अध्यक्ष दाते कारखान्यातलेच मोठे अधिकारी. ते पुष्कळ बोलले. शिस्त, दर्जा, पुण्यामुंबईत काय चाललं आहे, मंडळाचं नाव, सरूबाईंच्या सेवेबद्दल आदर, परंतु, तथापि. सरूबाई म्हणजे मी. शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का.

शामण्णा उभे राहिले. "म्हणजे अध्यक्षसाहेबांचं म्हणणं असं. मुलं वेळेवर येतात, रडत नाहीत, गाणी म्हणतात, आईबापांची तक्रार नाही. बाई एका विषयात राहिल्या. म्हणून मुलांची बाई बदलायची. बरोबर पकडलं का?"

दाते म्हणाले, "मी असं म्हणालो नाही."

"मग कुठं चुकलं ते सांगा. मी पुन्हा म्हणतो."

दात्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात. शामण्णांनी ते आणखी थोडक्यात परत सांगितलं, आणि ते पहिल्यापेक्षाही वाईट ऐकू आलं. कोणीतरी खोकलं. दाते म्हणाले, "हुक्केरीकर, तुम्ही माझ्या तोंडी शब्द घालताय."

"उलट आहे साहेब. मी काढतोय."

विमलाताईच मग म्हणाल्या की ऑक्टोबरची परीक्षा होऊ द्या, मला घाई नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे हे श्रेय सगळं शामण्णांना मिळालं.

ऑक्टोबरपर्यंत शामण्णांनी मला एकही उतारा दिला नाही. रोज संध्याकाळी कचेरीतून घरी जाताना ते दुकानाच्या पायरीवर थांबत आणि विचारत, "आज काय झालं?" मी दिवसभराचं सांगू लागले की हात वर. "एक वाक्य." एका वाक्यात दिवस सांगायला मला आधी लाज वाटायची, जणू बाकीचा दिवस मी वाया घालवला. मंडळाची सहल हेब्बाळच्या तळ्याला गेली होती, त्याचंही त्यांनी एकच वाक्य मागितलं. पुऱ्या किती, सतरंज्या किती, कोण आलं, कोण आलं नाही, बस कुठे थांबली, हे सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी थांबले. मग म्हटलं, "दात्यांची धाकटी पाण्याकडे पळाली आणि विमलाताई साडीसकट मागे धावल्या."

शामण्णांनी ते परत म्हणून दाखवलं नाही. नुसतेच म्हणाले, "पकडलंत."

मी पास झाले. बालवाडी राहिली, अजून आहे. विमलाताई दुपारचा वर्ग बघू लागल्या आणि आमचं, मी म्हटलं तसं, जमलंही.

पुढची काही वर्षं रविवारचा वर्ग चालू राहिला. मॅट्रिकला बसणारी माणसं बदलली, खुर्चीची पाठ तीच. या वर्षांतलं सांगण्यासारखं एकच आहे. मंडळाने सभासदांची परिचय पुस्तिका काढायचं ठरवलं आणि ते काम अर्थात माझ्याकडे आलं. प्रत्येकाने स्वतःबद्दल थोडक्यात लिहून द्यायचं होतं. दात्यांनी पाच पानं दिली. शामण्णांनी दुकानाच्या पायरीवर उभ्याउभ्या तोंडी सांगितलं, "लिहा. जन्म हुक्केरी. नोकरी बंगळूर. बाकी अवांतर."

मी लिहिलं आणि गंमत म्हणून विचारलं, "हे अवांतर कुठलं, शामण्णा? विमलाताईंचं, की आमचं?"

ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही विचारताय, की उरलेलं बिनकामाचं होतं, का अनर्थ होता."

"होय. हेच."

प्रश्न त्यांनी बरोबर पकडला होता. उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांत असं एकदाच झालं. छत्री काखेत मारून ते म्हणाले, "येतो, अक्का," आणि गेले. पुस्तिकेत मी शेवटचे दोन शब्द गाळले. छापील मजकुरात ते बरे दिसले नसते.

१९६७ साली, थंडीच्या दिवसांत, ते आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी त्यांना बऱ्याच वळणांनी सांगितलं की आता हॉस्पिटलची गरज नाही, घरचं वातावरण चांगलं, पथ्यही फार पाळू नका. आम्ही दोघीतिघी तिथे उभ्या होतो. शामण्णा म्हणाले, "म्हणजे डॉक्टर, तुमचं म्हणणं असं, की घरी जाऊन आवडेल ते खावं, कारण आता फरक पडत नाही. बरोबर पकडलं का?" डॉक्टर तरुण होते. ते काही बोलले नाहीत. शामण्णांनी त्यांची वाट बघितली आणि मग त्यांच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "असू दे की. न बोलताही कळतं कधी कधी."

ते गेले तेव्हा वर्गाची सगळी माणसं आली होती. नाईक आता सुपरवायझर झाले आहेत, तेही पाळी सोडून आले.

शोकसभेनंतर मंडळाने ठरवलं की बालवाडीच्या खोलीत शामण्णांचा फोटो लावावा आणि खाली पाटी असावी. नाव, आणि नावाखाली चार ओळी. मजकूर मी द्यायचा. दाते म्हणाले, "त्यांनीच शिकवलंय तुम्हाला. थोडक्यात, नेमकं." मला ते योग्य वाटलं. माहिती गोळा करायला मी त्यांच्या घरी गेले.

त्यांच्या पत्नी गंगाक्का जात्याच कमी बोलणाऱ्या. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. जन्म, शाळा, लग्न. मग मी विचारलं, हुक्केरीहून बंगळूरला बदली केव्हा झाली?

"बदली कुठली," त्या म्हणाल्या. "वसूला शोधायला आलो."

वसू म्हणजे शामण्णांचा धाकटा भाऊ. हे नाव मी तोवर ऐकलेलं नव्हतं. शामण्णा तेव्हा हुक्केरीच्या कचेरीत होते आणि काम घरी आणत. एका दुपारी ते कुठल्याशा अहवालाचा गोषवारा करत होते. वसू दारात आला. आदल्या दिवशी घरात काही बोलाचाली झाली होती, फार मोठी नाही. तो म्हणाला, "अण्णा, जातो मी." यांनी मान वर न करता म्हटलं, "सरी." संध्याकाळी आईने विचारलं, वसू कुठे आहे. हे म्हणाले, "येतो म्हणून गेलाय."

"मी आत चुलीपाशी होते," गंगाक्का म्हणाल्या. "मला जातो ऐकू आलं होतं. पण नवी सून. यांच्या शब्दावर शब्द कशी ठेवणार? येतो म्हणालाय म्हणून आम्ही सगळे वाट बघत बसलो. बघायला कोणी गेलं नाही. मग बोलले मी. तोवर लांब गेला होता तो."

कोणी म्हणालं, बंगळूरच्या छावणीत पलटणीची भरती चालू आहे, तिथे दिसला. ते दोघं इथे आले. छावणीत त्या नावाचा कोणी नव्हता. मग शामण्णांनी इथेच नोकरी धरली, कारण पुन्हा कोणाला दिसला तर इथेच दिसेल असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"तेव्हापासून हे असं," गंगाक्का म्हणाल्या. "कोण काय बोललं की आधी तेच म्हणून दाखवायचं. मला पण सोडलं नाही. मीठ संपलं म्हटलं तरी."

मी लिहून घेत होते, ते थांबवलं. जन्म हुक्केरी, नोकरी बंगळूर. लोक यात्रेला गेले, परत आले, पूल बांधला. माझा तो कागद त्यांनी कोटाच्या खिशात का ठेवला असेल, याचा मी तिथे बसल्याबसल्या विचार केला आणि मग तो बाजूला ठेवला, कारण गंगाक्का काहीतरी विचारत होत्या.

"पाटीवर वसूचं नाव घालाल? मुलांचे आईबाप येतात ना तिथं, शंभर लोक येतात. इथेच कुठे असला तर वाचेल."

मी म्हटलं, बघते. त्यांनी मला कुंकू लावलं. मी दारात म्हटलं, "येते हं." त्या म्हणाल्या, "या."

त्यानंतर मी मजकुराचे बरेच खर्डे केले आहेत. एकात जन्म, नोकरी, सेवा असं सगळं आहे; ती यादी आहे. एकात वसू आहे, आणि चार ओळींत वसू आला की दुसरं काही मावत नाही. दाते म्हणतात, घरगुती गोष्टी पाटीवर नकोत. विमलाताई म्हणतात, गंगाक्कांचं ऐका. शामण्णांनी स्वतः काय सांगितलं होतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या दोन शब्दांत ते होतं, आणि मी ते एकदा गाळलेले आहेत. आता पुन्हा घालायचे तर वाचणाऱ्याला कुठला अर्थ लागेल याची मला खात्री देता येत नाही. पुण्याचा माणूस एक वाचेल, चिकपेठेचा दुसरा.

फोटो लागला आहे. पाटी रंगवणारा नंजप्पा नाव लिहून गेला, खालची जागा पांढरी ठेवून. बालवाडीसमोरून जाताना तो अजून सायकल थांबवतो आणि विचारतो, "अक्का, मजकूर?" मी म्हणते, "स्वल्प थांब."

या आठवड्याची कामं: सतरंज्या उन्हात घालणं, झालं. पुढच्या खोलीच्या खिडकीला काच, झालं. नव्या मुलांची नावं हजेरीत चढवणं, झालं. गंगाक्कांकडे जाऊन येणं, झालं. पाटीचा मजकूर, बाकी.